पावसाचं निमित्त सरल्यावर

कोकणच्या महामार्गाकडे वर्षातून एकदा सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष जातं. गणेशोत्सवाच्या आधी पंधरा-वीस दिवस मंत्र्यांचे पाहणी दौरे निघतात, खड्डे भरण्याच्या मुदती जाहीर होतात, अवजड वाहनांना बंदी लागते, कोकणात जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफीचे पास मिळतात, एसटी जादा गाड्या सोडते आणि रेल्वे विशेष फेऱ्यांची यादी काढते. याला नावं ठेवायचं कारण नाही. लाखो माणसं चार-पाच दिवसांत एकाच दिशेला निघतात तेव्हा सरकारने धावपळ करावी हे योग्यच. पण विसर्जन झालं की ही धावपळ थांबते आणि दिवाळीनंतर सुरू होणारा गावी जाण्याचा दुसरा हंगाम कुणाच्या खिजगणतीत राहत नाही. तुळशीच्या लग्नापासून शिमग्यापर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, मुंबई, ठाणे, पालघर आणि पुण्यातली कोकणी कुटुंबं शनिवार-रविवार साधून, मुलांची नाताळची सुट्टी धरून, एखादी रजा टाकून गावी जाऊन येतात. हे जाणं विखुरलेलं असतं, म्हणून त्याची बातमी होत नाही आणि त्याची सोय पाहायची कुणाला गरजही वाटत नाही. या लेखाचं म्हणणं असं की कोकणच्या या महामार्गाची, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ ची, खरी परीक्षा थंडीतल्या एखाद्या साध्या शनिवारी घ्यायला हवी, आणि त्या परीक्षेत गुण द्यायचे ते भरवशाला, वेगाला नंतर. गाव दुरावतं ते किलोमीटरांनी कमी आणि कधी पोचू हे सांगता न येण्याने जास्त.

थंडीतलं हे जाणं हौसेचं असतं, असा शहरात एक समज आहे. गणपतीला जाणं कर्तव्य आणि डिसेंबर-जानेवारीत जाणं म्हणजे सहल. गावाकडचं वेळापत्रक पाहिलं तर हा समज टिकत नाही. भाताची कापणी आणि झोडणी उरकल्यावरच गावात माणसांना उसंत मिळते. त्रिपुरी पौर्णिमेपासून सिंधुदुर्गात गावोगावच्या जत्रा सुरू होतात, रात्र-रात्र दशावतार चालतो आणि ज्या घराण्याकडे पालखीचा वा देवळाचा मान आहे त्या घरातलं कुणीतरी तिथे हजर असावं लागतं. तुलसीविवाहानंतर लग्नाचे मुहूर्त लागतात. त्याच सुमाराला आंब्याला मोहोर येतो आणि फवारणीचा निर्णय बागेत उभं राहूनच घ्यावा लागतो. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीला भराडीदेवीची जत्रा भरते आणि महाशिवरात्रीला कुणकेश्वरी गर्दी होते. यांत देवाचं नसलेलं कामही बरंच असतं. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं असणं कोकणात नवलाचं नाही. वारसनोंद, फेरफार, वाटणी यांसाठी ती माणसं एका दिवशी एका तलाठी कार्यालयात जमवायची तर तो दिवस पावसाळ्यानंतरच सापडतो. आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे घरी असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहणं. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. २००१ ते २०११ या दशकात या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. कमावती माणसं बाहेर आणि आई-वडील गावी, ही इथली घडी गिरण्यांच्या काळापासूनची आहे. गिरण्या गेल्या, मुंबईतली घरं विरार-नालासोपारा-बदलापूरला सरकली, पण घडी तीच राहिली. पूर्वी मुंबईच्या मध्यातून निघणारा माणूस आता विरारहून एक अख्खं शहर ओलांडून मग पनवेलला येतो, एवढाच काय तो फरक पडला.

या प्रवासासाठी थंडी हाच खरा कस आहे, कारण तेव्हा पावसाला दोष देता येत नाही. जून ते सप्टेंबरमधल्या प्रत्येक खोळंब्याला एक तयार उत्तर असतं. दरड कोसळली, पूर आला, डांबर वाहून गेलं. त्यांतल्या काही आपत्ती खऱ्याच भीषण होत्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि त्यात एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठीवरच्या पुलाची वाट लागली. पण डिसेंबरच्या कोरड्या शनिवारी माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग लागते, तेव्हा आकाशात ढगही नसतो. तिथे जे दिसतं ती रस्त्याची स्वतःची स्थिती असते. शिवाय थंडीची एक वेगळी अडचण आहे. कोकणात रस्त्याचं काम करायला पावसाळा सोडून उरतात ते ऑक्टोबर ते मे हेच महिने. म्हणजे काम करण्याचा हंगाम आणि माणसांनी एकमेकांकडे जाण्याचा हंगाम एकच. पर्यायी मार्गाचे फलक, एका मार्गिकेवर वळवलेली दोन्हीकडची वाहतूक, खडीचा धुरळा, अर्ध्या बांधलेल्या पुलाशेजारून जाणारा कच्चा रस्ता, त्यावर पहाटेचं दरीतलं धुकं आणि वर्षअखेरीला गोव्याकडे निघालेल्या गाड्यांचा लोंढा, हे सगळं त्याच महिन्यांत एकत्र येतं. काम चालू असेल तर थोडा त्रास सोसायला हवा, हे कुणीही मान्य करील. प्रश्न असा की किती वर्षं.

त्याचं उत्तर या महामार्गाच्या इतिहासात आहे. पनवेलपासून इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली. हा टप्पा केंद्राच्या महामार्ग प्राधिकरणाकडे होता. इंदापूरपासून सावंतवाडीजवळच्या झारापपर्यंतचा, साडेतीनशे किलोमीटरांहून मोठा टप्पा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे आला आणि तो वेगवेगळ्या ठेकेदारांत वाटला गेला. पहिल्या टप्प्यात भूसंपादन, कर्नाळा अभयारण्यातल्या परवानग्या आणि ठेकेदाराची आर्थिक कोंडी यांनी काम रेंगाळलं. दुसऱ्या टप्प्यात सिंधुदुर्गातला भाग बराच आधी पूर्ण झाला, तर संगमेश्वर ते लांजा या पट्ट्यात वर्षानुवर्षं काम अर्धवट राहिलं. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयाने वारंवार जाब विचारला आणि सरकारकडून दर वेळी नवी मुदत सांगितली गेली. २०२५ च्या पावसाळ्यापर्यंत तरी इंदापूर आणि माणगावचे बाह्यवळण रस्ते पूर्ण झाले नव्हते. २०११ मध्ये पहिलीत गेलेलं मूल त्याआधीच महाविद्यालयात पोचलं होतं. ज्या मुलांनी आपलं गाव फक्त खोदलेल्या रस्त्याच्या टोकाला पाहिलं, त्यांची एक पिढी या कामाने घडवली.

याचा अर्थ काहीच झालं नाही असा नाही आणि तसं म्हणणं अन्यायाचं होईल. कशेडी घाट हे त्याचं ठळक उदाहरण. पोलादपूर आणि खेडच्या मधला हा नागमोडी घाट उतरायला पाऊण तास लागायचा. आता दोन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या जुळ्या बोगद्यांमुळे तो टाळता येतो. त्यांतला एक बोगदा २०२३ च्या गणेशोत्सवाआधी एकेरी वाहतुकीसाठी उघडला. सावित्रीवरचा नवा पूल दुर्घटनेनंतर वर्षभराच्या आत उभा राहिला. खारेपाटणच्या पुढे सिमेंटच्या चार मार्गिकांवर गाडी विनासायास धावते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू सुरू झाल्यावर मुंबईतून बाहेर पडणंही बऱ्याच जणांना सोपं झालं. पण या सुधारणांमुळेच एक विचित्र गोष्ट घडली आहे. रस्त्याचा मोठा भाग चांगला झाला की उत्तम दिवशी लागणारा वेळ झपाट्याने कमी होतो. उरलेल्या चार-पाच अडथळ्यांमुळे वाईट दिवशी लागणारा वेळ मात्र फारसा हलत नाही. त्यामुळे चांगल्या आणि वाईट दिवसांतली दरी रुंदावते. रस्ता सुधारत जातो आणि त्याचा अंदाज बांधणं अवघड होत जातं. खर्चाचे आणि किलोमीटरांचे आकडे सरकारच्या बाजूने बोलत असताना प्रवासी मात्र समाधानी का नाही, याचं उत्तर इथे आहे.

हे हिशेबाने पाहू. पनवेलहून कणकवली चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. समजा, तिकडे जायला दोन रस्ते आहेत. पहिल्यावर दर वेळी नऊ तास लागतात. दुसऱ्यावर पाच खेपांपैकी तीनदा साडेसात तास, एकदा नऊ तास आणि एकदा तेरा तास. सरासरी काढली तर दुसरा रस्ता किंचित वेगवानच ठरतो. पण सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं असलेल्या माणसाला सरासरीचा काही उपयोग नाही, त्याला वाईटात वाईट खेप धरूनच बेत आखावा लागतो. शुक्रवारी रात्री दहाला निघून रविवारी रात्री दहापर्यंत परत यायचं असेल, तर पहिल्या रस्त्याने त्याला गावी ३० तास मिळतात आणि दुसऱ्याने जेमतेम २२ तासांचीच खात्री. आठ तास गेले ते रस्त्यावर जातीलच असं नाही, पण बेतातून ते आधीच वजा झाले. एका दिवसाच्या जत्रेत, साखरपुड्यात, बाराव्यात किंवा डॉक्टरांच्या भेटीत आठ तास म्हणजे जवळपास सगळंच. मग माणूस म्हणतो, या वेळी राहू दे, पुढच्या महिन्यात बघू. भेट रद्द होते ती रस्त्यावर न उतरताच, म्हणून ती कुठल्याही वाहनगणनेत येत नाही. महामार्गाचा आराखडा करताना साधारणपणे सलग सात दिवस वाहनं मोजतात, कुठून कुठे जाता ते काही वाहनांना थांबवून विचारतात आणि वाचणाऱ्या वेळेची पैशात किंमत धरतात. जे आले त्यांची मोजणी होते, पण ज्यांनी यायचं टाळलं त्यांच्यासाठी तक्त्यात रकानाच नाही.

भरवसा मोजता येत नाही, ही भावनेची गोष्ट आहे, असा आक्षेप एखादा अभियंता घेईल. तो टिकणारा नाही. अमेरिकेचं संघीय महामार्ग प्रशासन गेली अनेक वर्षं सरासरी वेळेच्या जोडीला दुसरा आकडा वापरतं. वीसपैकी एकोणीस खेपांना वेळेवर पोचायचं असेल तर किती वेळ हाताशी ठेवून निघावं, हे तो सांगतो. २०१२ च्या तिथल्या कायद्यानंतर राज्यांना आपल्या मुख्य महामार्गांवरच्या प्रवासवेळेच्या भरवशाचं मोजमाप करून केंद्राला कळवणं भाग पडलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा आहे. दोन नाक्यांमधून गाडी केव्हा गेली याची नोंद आपोआप होते, आणि रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून नकाशे लाल-हिरवे होताना प्रत्येक चालक पाहतोच. म्हणजे साधनं आहेत. पनवेल ते झारापच्या प्रत्येक टप्प्यावर गेल्या महिन्यात शनिवारी किती वेळ लागला, हे संकेतस्थळावर मांडणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ते मांडलं जात नाही, कारण मांडलं की जबाबदारी ठरते.

प्रवासी या भरवशाची किंमत जाणतात आणि ती खिशातून मोजतात, याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कोल्हापूरमार्गे जाणारी कोकणी कुटुंबं. सिंधुदुर्गातल्या अनेक गावांना जायला ती पनवेलहून दक्षिणेला वळतच नाहीत. द्रुतगती मार्गाने पुणे, पुढे सातारा, कराड, कोल्हापूर आणि मग आंबोली, फोंडा किंवा गगनबावड्याच्या घाटाने खाली, असा वळसा घालून ती जातात. या वाटेवर खालापूरपासून किणीपर्यंत एकामागून एक टोल लागतात आणि सह्याद्री एकदा चढून पुन्हा उतरावा लागतो. हे सगळं पत्करून लोक तो रस्ता घेतात, याचा अर्थ त्यांना नुसती घाई नाही. त्यांना घरी सांगता येईल अशी वेळ हवी आहे. पण थंडीत तिथलाही भरवसा डळमळतो. नोव्हेंबर ते मार्च हा उसाच्या गाळपाचा हंगाम. संध्याकाळ झाली की कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर निघतात आणि मागचा दिवा किंवा चमकपट्टी नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. सातारा-कोल्हापूर भागात रुंदीकरणाची कामं चालू असल्याने तिथेही वळणरस्ते आहेत. गगनबावड्याहून वैभववाडीला उतरणारा करूळ घाट जानेवारी २०२४ पासून कामासाठी वर्षभराहून जास्त बंद होता. एक वाट बेभरवशाची म्हणून दुसरी धरावी तर तिच्यावर पहिलीचा भार पडतो. राज्याच्या पश्चिमेला उत्तर-दक्षिण जाणारा एकही रस्ता थंडीत नेमाने चालत नसेल, तर मग प्रश्न एकट्या कोकणाचा राहत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप रेल्वेचा आहे. कोकण रेल्वे असताना रस्त्यासाठी एवढा आक्रोश कशाला? रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरची ही वाट १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. नव्वदहून जास्त बोगदे खणून सह्याद्रीच्या कुशीत रूळ टाकणं हे ई. श्रीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं कर्तृत्व नि:संशय मोठं. भरवशाच्या कसोटीवर रेल्वे आजही रस्त्याच्या पुढे आहे, आणि ज्याला तिकीट मिळतं तो रेल्वेनेच जातो. पण रोहा ते वीर हा दुहेरी झालेला भाग सोडला तर मार्ग मुख्यतः एकेरी आहे, त्यामुळे गाड्या वाढवायला मर्यादा आहे. वर्षअखेरीला त्याच गाड्यांत गोव्याचे पर्यटक असतात. आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पण आजारपण, मयत किंवा तहसीलदाराची तारीख साठ दिवस आधी कळत नाही. आंगणेवाडीच्या जत्रेचंच पाहा. तिची तिथी पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ती ठरते. २०२३ मध्ये ती ४ फेब्रुवारीला होती, २०२४ मध्ये २ मार्चला, २०२५ मध्ये २२ फेब्रुवारीला. तारीख जाहीर झाली की सगळ्यांनाच त्याच दोन दिवसांची तिकिटं हवी असतात आणि ज्यांना मिळत नाहीत त्यांच्यासाठी रस्ताच उरतो. गुहागर, दापोली, मंडणगड या तालुक्यांत तर स्टेशनच नाही. रात्री दोनला खेडला उतरून पुढे दापोलीला कसं जायचं, हा प्रश्न सत्तरीच्या माणसाला सोबत घेऊन सोडवायचा असतो. विमानाची गत आणखी बोधप्रद आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ वाजतगाजत सुरू झाला. मुंबईची फेरी इतक्या वेळा रद्द होत राहिली की लोकांनी तिच्यावर बेत आखणं सोडलं, आणि २०२४ च्या अखेरीस ती बंद पडली. तासाभरात पोचवणारं साधन हरलं, कारण ते येईल की नाही हेच माहीत नव्हतं.

दुसरा आक्षेप असा, की आता व्हिडिओ कॉल आहेत. रोज संध्याकाळी आईचा चेहरा दिसतो, मग दर महिन्याला चारशे किलोमीटर कशाला तुडवायचे? रोजच्या खुशालीसाठी फोन पुरतो, हे खरंच. फोनने एकटेपणही थोडं हलकं झालं आहे. पण ओटी भरणं, पालखीला खांदा देणं, बांधावर उभं राहून हद्द दाखवणं, सामायिक जमिनीच्या कागदावर सही करणं आणि गोव्याच्या बांबोळीतल्या वैद्यकीय महाविद्यालयात आईला तपासणीला नेणं, ही फोनवरची कामं नव्हेत. याच्याच जोडीचा आक्षेप समाजशास्त्राचा आहे. कुटुंबं रस्त्यामुळे तुटत नाहीत. नोकऱ्या, वाटण्या, पुढच्या पिढीची भाषा आणि आवडी यांमुळे ती सैल होतात, आणि रस्ता सोन्याचा केला तरी हे थांबणार नाही. हे मी पूर्ण मान्य करतो. ज्याला जायचंच नाही त्याला चौपदरी महामार्ग गावी नेणार नाही. प्रश्न ज्याला जायचं आहे त्याचा आहे. त्याची इच्छा दर खेपेला थोडी थोडी झिजवणारी गोष्ट सार्वजनिक पैशाने बांधलेली असेल, तर तिचा हिशेब सार्वजनिक चर्चेत व्हायला हवा. भावाभावांतला अबोला सरकार मोडू शकत नाही, पण माणगावचा बाह्यवळण रस्ता ते नक्की पूर्ण करू शकतं.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेच्या बाजूने येतो आणि तो गंभीर आहे. वेळेचा एवढा आग्रह धरला तर लोक गाड्या हाणतील. उशिरा पोचावं, पण सुखरूप पोचावं. हा उपदेश योग्य आहे, पण तो बेभरवशाच्या रस्त्यावर माणसं कशी वागतात हे लक्षात घेत नाही. दिवसा कुठे अडकू हे माहीत नसलं की लोक रात्री निघतात. रात्रभर जागलेला चालक पहाटे चार-पाचला घाटात किंवा नदीकाठच्या धुक्यात असतो. कोंडीत दोन तास गेले की पुढचा मोकळा पट्टा ते भरून काढण्यासाठी वापरला जातो, आणि नेमका तोच पट्टा काही किलोमीटरांनी अचानक दुपदरी होतो. १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे माणगावजवळ रेपोलीला ट्रक आणि इको गाडीची धडक होऊन नऊ जण जागीच गेले. ते गुहागर तालुक्यातल्या आपल्या गावाकडे निघालेले नातेवाईक होते. त्या एका अपघाताचं कारण या लेखात ठरवता येणार नाही आणि ठरवूही नये. पण थंडीतली पहाट, दुभाजक नसलेला रस्ता आणि रात्रीचा प्रवास हा मेळ कोकणात वारंवार जुळतो, आणि तो जुळण्यामागे दिवसाच्या प्रवासावरचा उडालेला विश्वास आहे. दिवसा निघून दिवसा पोचता येईल अशी खात्री असती तर कित्येक गाड्या रात्री निघाल्याच नसत्या. म्हणून भरवसा आणि सुरक्षितता यांची ओढाताण नाही. पहिल्यातून दुसरी बरीचशी येते.

चौथा आक्षेप पर्यावरणाचा आहे आणि त्यातलं बरंच मला पटतं. चौपदरीकरणासाठी जुनी सावली देणारी झाडं गेली, डोंगर उभे कापले गेले आणि चिपळूणजवळच्या परशुराम घाटासारख्या ठिकाणी कापलेली माती पावसात खाली येऊ लागली. २०२२ च्या उन्हाळ्यात कामासाठी हा घाट रोज काही तास बंद ठेवावा लागला आणि त्याच पावसाळ्यात दरडींच्या भीतीने पुन्हा वाहतुकीवर निर्बंध आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. ही उदाहरणं रुंदीच्या हव्यासाविरुद्ध आहेत, भरवशाच्या मागणीविरुद्ध नाहीत. उतार नीट बांधला नाही, पाण्याला वाट दिली नाही, घाईत काम उरकलं, म्हणजे वेग मिळतो आणि भरवसा जातो. याच कारणाने कोकणासाठी अगदी नवा द्रुतगती मार्ग बांधण्याच्या प्रस्तावांकडे सावधपणे पाहायला हवं. आहे तो रस्ता पुरा करण्याची शिस्त नसताना डोंगरात दुसरी चीर पाडणं म्हणजे तेच दुखणं दुसरीकडे नेणं. रस्त्याकाठच्या गावांची तक्रारही यात धरायला हवी. त्यांच्यासाठी हा महामार्ग गावातला रस्ता आहे, आणि भुयारी मार्ग, सेवारस्ता किंवा ओलांडायची जागा नसेल तर शाळेत जाणारं पोर रोज जीव मुठीत धरून पलीकडे जातं. हातिवले आणि ओसरगावच्या टोलनाक्यांना स्थानिकांनी विरोध केला तो एवढ्याच साध्या न्यायाने, की काम पूर्ण करा आणि मग पैसे मागा.

या सगळ्या चर्चेत स्वतःची गाडी नसलेला माणूस हरवू नये, कारण भरवशाची गरज त्यालाच सर्वांत जास्त असते. मोटारवाल्याला निदान कोल्हापूरची वाट धरता येते. एसटीच्या प्रवाशाला तेवढाही पर्याय नसतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला, म्हणजे जत्रांचा अख्खा हंगाम त्यात गेला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय. पण त्या थंडीत खासगी बसचं भाडं ज्यांना परवडलं ते गेले आणि बाकीचे राहिले, ही वस्तुस्थिती आहे. आजही तालुक्याच्या स्थानकावरून आतल्या वाडीला जाणारी शेवटची गाडी संध्याकाळी सुटते. मुंबईहून येणारी गाडी माणगावला दीड तास अडकली तर ती शेवटची गाडी चुकते आणि वीस किलोमीटरांसाठी रिक्षावाला म्हणेल ते द्यावं लागतं. महामार्गावरचा एक तासाचा उशीर गावच्या फाट्यापर्यंत पोचताना असा फुगत जातो. म्हणून रस्त्याचा हिशेब मोटारींच्या वेगावर थांबवता येत नाही, शेवटच्या एसटीपर्यंत तो न्यावा लागतो.

तर मग मागायचं काय? पहिलं, नवे प्रस्ताव बाजूला ठेवून उरलेली बाह्यवळणं आणि पूल आधी पूर्ण करावेत, आणि किती टक्के काम झालं हे सांगण्यापेक्षा कोणता अडथळा कोणत्या तारखेला दूर होईल हे सांगावं. दुसरं, काम ऑक्टोबर ते मेमध्येच होणार असेल तर ते भेटीच्या हंगामाचं भान ठेवून आखावं. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ दोन्ही दिशा खुल्या ठेवाव्यात, आंगणेवाडी, महाशिवरात्री आणि नाताळच्या आठवड्यात नवे वळणरस्ते काढू नयेत, आणि जे असतील त्यांवर रात्री दिसतील असे फलक लावावेत. तिसरं, साखर कारखान्यांनी चमकपट्टी नसलेल्या ट्रॉलीचा ऊस वजनकाट्यावर घेऊ नये, कारण ट्रॅक्टर थांबवून तपासता येतो अशी ती एकच जागा आहे. चौथं, टप्प्याटप्प्यावरची प्रवासवेळ दर महिन्याला जाहीर करावी आणि ठेकेदाराचं देणं थोडं तरी त्या आकड्याशी बांधावं. यांतल्या एकाही गोष्टीला डोंगर फोडावा लागत नाही. गर्दीची सोय करायला आपलं सरकार शिकलं आहे, कारण गर्दी दिसते आणि मतंही देते. थंडीतल्या साध्या शनिवारी एकेकट्याने गावी निघालेल्या माणसाची सोय करणं अवघड, कारण त्याचा मोर्चा निघत नाही. पण महामार्ग पूर्ण झाला असं जाहीर करण्याचा हक्क सरकारला त्याच्याकडूनच मिळवावा लागेल. निघताना त्याने घरी सांगितलेली वेळ खरी ठरू लागली, तीही एखाद्या खेपेला सोडून दर खेपेला, की तो रस्ता पूर्ण झाला असं समजावं. तोवर उद्घाटनं कितीही होवोत, काम बाकी आहे.